मे महिन्यातला हीटर

“दाजी, कंपनीनं हे इंजिन झोपवून ठेवलं होतं,” रणधीर म्हणाला. “मी उठवलं.”

आणि ते खरंच जागं आहे हे दाखवायला त्यानं पाय दाबला. चिपळूणबाहेरचा रस्ता एकदम अंगावर धावून आला. माझा फेटा मागं सरकला, मुंडावळ्या कानांमागं गेल्या, आणि मागच्या सीटवरून इंदूआत्या ओरडली, “मेल्या, नवरा न्यायला आलायस की पळवायला?”

नवरा मी होतो. त्या दिवशी दुपारी बारा चाळीसला पाटणला माझं लग्न होतं. वऱ्हाडाची बस सकाळीच पुढं गेली होती. नवरदेवाला मात्र नवरीच्या भावानं आपल्या गाडीतून न्यायचं, हा शेडग्यांच्या घरातला रिवाज. म्हणून रणधीर कुंभार्ली घाट उतरून आमच्या दारात आला होता. हळद लागलेल्या मुलाला एकटं सोडायचं नाही, हा आमच्या घरातला. म्हणून आत्या मागं बसली होती, पैठणीत, मांडीवर नारळ घेऊन. माझा मोबाइलही हळद लागल्यापासून तिच्याच पर्समध्ये होता. दोन घराण्यांचे रिवाज एका जीपमध्ये बसले की माणसांना जागा फार उरत नाही.

उशीर करून चालणार नव्हतं. माझे होणारे सासरे, आबा शेडगे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. साखरपुड्याच्या दिवशी मला बाजूला घेऊन ते म्हणाले होते, “आमच्याकडं मुहूर्त म्हणजे गाडी सुटायची वेळ. नवरदेव आला तर त्याच्यासकट सुटंल. नाही आला तर फेरी रद्द.”

मी हसलो होतो. ते हसले नव्हते.

माझं वय तेव्हा चौतीस. याआधी माझी दोन लग्नं ठरून मोडली होती. दोन्ही वेळा मला फारसं काही वाटलं नव्हतं. या वेळी वाटलं असतं. मंजिरी मला आवडली होती. पाटणच्या गुरांच्या दवाखान्यात ती डॉक्टर होती, आणि पहिल्या भेटीत चहा घेताना तिनं एका अडलेल्या म्हशीची गोष्ट इतकी रंगवून सांगितली होती की माझ्या आईनं हातातला लाडू खाली ठेवला. ती आवडल्याचं मी कुणाला बोललो नव्हतो. आमच्या घरात माझं मत विचारायची पद्धत नव्हती, आणि न विचारता सांगायची मला सवय नव्हती.

“इंजिनाला केलंस काय नक्की?” मी रणधीरला विचारलं. होणाऱ्या मेव्हण्याशी काहीतरी बोलायला हवं होतं.

“मेंदू बदलला. डिझेल किती द्यायचं, टर्बोनं हवा किती कोंबायची, हे आतला कॉम्प्युटर ठरवतो. कंपनी भित्री असती, दाजी. मापात वाढती. मी म्हटलं, वाढ की पोटभर.”

“मग तोटा काय?”

“तोटा काही नाही.”

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. तोटा काही नाही, हे वाक्य आमच्या धंद्यात पेपर तपासताना लाल शाईनं खोडतात.

“काहीच नाही?”

“ॲव्हरेज पडतं थोडं.”

खेर्डी मागं गेली.

“क्लच जरा लवकर जातो.”

शिरगाव आलं. आरशात एक मोटरसायकलवाला आमच्या काळ्या धुरातून बाहेर येत होता आणि त्याच्या तोंडावरून तो आमच्या पूर्वजांची आठवण काढत असावा.

“धूर तर दिसतोयच,” रणधीर म्हणाला. “आणि तापतं.”

“किती?”

“ताकद वाढवली, पण रेडिएटर कंपनीचाच हाय. घोडा नवा, बादली जुनी.”

“जास्त तापलं तर इंजिन आपोआप ताकद कमी करतं ना? तशी काहीतरी सोय असते म्हणे.”

“असती,” तो म्हणाला. “ती मी काढली.”

“का?”

“ऐन चढावर गाडी मरगळती, दाजी. गिऱ्हाइकाला आवडत नाही.”

गिऱ्हाईक म्हणजे कोळेकर शेठ. रणधीरनं डिप्लोमा अर्धवट सोडून कराडला एक शेड भाड्यानं घेतली होती. पुढच्या रविवारी हे कोळेकर शेठ जीप चालवून बघणार होते. पसंत पडली तर त्यांच्या सहाच्या सहा गाड्या रणधीरच्या हाताखाली येणार, आणि नाही पडली तर रणधीर आबांच्या हाताखाली. म्हणजे आबा सांगतील त्या सोसायटीच्या दुकानात. ही जीप त्यानं वर्षभर रात्रीचा दिवस करून तयार केली होती. बोलता बोलता तो डॅशबोर्डवरून हात फिरवत होता, मंजिरी ज्या म्हशीबद्दल बोलली होती तिच्यावरून फिरवावा तसा.

पोफळी आली आणि घाट सुरू झाला. मी दरवाज्याच्या वरची कडी धरून बसलो. सपाटीवर असं पळणारं जनावर चढावर काय करील, या कल्पनेनं.

त्यानं काहीच केलं नाही. जीप तिसऱ्यावर आली, मग दुसऱ्यावर, आणि वरातीच्या चालीनं चढू लागली. माल भरलेला एक टेम्पो आम्हाला मागं टाकून गेला. त्याच्या क्लीनरनं माझ्या फेट्याकडं बघून सलाम केला.

“काय झालं?” मी विचारलं.

“तापतंय,” रणधीर म्हणाला. काटा स्टिअरिंगच्या पलीकडं होता, मला दिसत नव्हता. “एसी बंद करावा लागंल.”

एसी बंद झाला. कोकणातला मे महिना चारी खिडक्यांतून आत आला.

दोन वळणं गेली. तो आरशात बघत होता. रस्त्याच्या आरशात नाही, आतल्या. त्या आरशात आत्या दिसते.

“हीटर लावावा लागंल.”

“काय लावावं लागेल?” आत्या पुढं वाकली.

“हीटर. इंजिनाची ऊब आत घ्यायची, म्हणजे रेडिएटरचा भार हलका. सगळे ड्रायव्हर करतात, आत्या. घाटात करावंच लागतं.”

मला हे वाचून माहीत होतं, म्हणून मी मान डोलावली. शिक्षणाचा हा एक तोटा. हीटर सुरू झाला आणि माझ्या पायांवर कुणीतरी भाकरीचा तवा धरला. शेरवानीच्या आत घामाचे ओहोळ निघाले. हळदीचा वास, डिझेलचा वास आणि आत्याच्या केसांतला गजरा शिजल्याचा वास एकत्र झाला.

“मला आत भाजून पंगतीत वाढणार आहेस काय रे?” आत्या म्हणाली.

“दहाच मिनिटं, आत्या.”

“दहा मिनिटांत माणसाची राख होते!”

“तुम्हाला मागनं एसटीत बसवू का? चिपळूण–कराड येतीच आहे. वजनही कमी होईल.”

ही सूचना त्यानं फार सहज केली. आत्यानं वजनाचा उल्लेख माफ केला नाही. पण पुढच्या दोन वळणांत हीटरनं तिचा निर्णय घेऊन टाकला. घाटातल्या एका रुंद वळणावर देवीचं छोटं देऊळ होतं. तिथं रणधीरनं जीप बाजूला घेतली. आम्ही उतरलो. आत्या देवळाच्या सावलीत पदरानं वारा घेत बसली. माझं लक्ष घड्याळाकडं होतं. सकाळी वेळ हाताशी होता. आता तो बोटांमधून गळत होता, आणि एसटी काही येत नव्हती.

“आपण निघू या का? आत्या थांबेल इथं,” मी म्हटलं.

“मी थांबेन?” आत्या म्हणाली. “रानात? या देवीबरोबर?”

“आत्यांना टाकून नको,” रणधीर घाईनं म्हणाला. “बसवूनच जाऊ.”

शेवटी एसटी आली. दम लागलेली, पण कुठंही बंद न पडता चढत आलेली. हात केला. आत्यानं नारळ माझ्या हातात दिला, मोबाइल मात्र नेला. ड्रायव्हरनं माझा पोशाख बघितला आणि विचारलं, “नवरदेव, तुम्ही पण येताय का? आपली गाडी बारा पंचावन्नला पाटणात असते.”

बारा पंचावन्न. मुहूर्त उलटून पंधरा मिनिटं. “नको,” रणधीर म्हणाला. “नवरदेव माझ्याच गाडीतनं येणार. रिवाज हाय.” एसटी गेली.

मी जीपकडं धावलो. रणधीर धावला नाही. तो चालत आला, आत बसला आणि त्यानं सगळ्यात आधी हीटर बंद केला.

“अरे, तापलंय ना?”

त्यानं मला पुढं वाकायची खूण केली. मी वाकलो. काटा अर्ध्याच्या किंचित वर होता. मोठ्या आनंदात असल्यासारखा.

“इंजिनाला काही झालेलं नाही, दाजी,” तो म्हणाला. “हीटर आत्यांसाठी लावला होता.”

मी परत काट्याकडं बघितलं.

“एक विचारायचं होतं. त्यांच्यासमोर विचारता येत नव्हतं. पोफळीपर्यंत वाटलं त्या झोपतील. झोपल्या नाहीत.” त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. “तुमच्या घरनं काल ताईला फोन आला होता. आत्यांचा. म्हणाल्या, सोमवारी नोकरीचा राजीनामा द्यायचा. चाळक्यांची सून गुरांच्या दवाखान्यात हात घालत नसती. ताई म्हणाली, पहिल्या भेटीत तर तुम्ही सगळे नोकरी चालेल म्हणाला होतात. तर आत्या म्हणाल्या, मुलाचंही हेच म्हणणं हाय.”

मी वळून मागच्या रिकाम्या सीटकडं बघितलं.

“ताईनं लगेच तुम्हाला फोन लावला. आत्यांनी उचलला. झोपलाय म्हणाल्या. परत लावला. हळद लागलीय म्हणाल्या.” आता तो माझ्याकडं वळला. सव्वीस वर्षांचा पोरगा, पण नजर आबांची. “तुम्हाला माहीत होतं?”

“नाही.”

“नक्की?”

“रणधीर, मला आत्ता तुझ्या तोंडून कळतंय.”

तो बघत राहिला. कॉम्प्युटर लावून इंजिन तपासत असावा तसा.

“ताई म्हणाली, फोनवर कुणीबी गोड बोलतं. तू समोर बसून विचार. त्याला माहीत असंल, तर सावकाश आण. मुहूर्त टळू दे. आबांच्या नियमात लग्न बसणार नाही, कुणाला दोष द्यायला नको. माहीत नसंल, तर वेळेत आण.”

ह्यासाठी वरातीची चाल. मी घड्याळ बघितलं. पाटणच्या मांडवात कुठल्याशा खोलीत शालू नेसून बसलेली एक बाई याच क्षणी असंच घड्याळ बघत होती, आणि सरणारं प्रत्येक मिनिट तिला सांगत होतं की त्याला माहीत होतं.

“मग चल!” मी म्हटलं. “मला माहीत नव्हतं. चल!”

“माहीत नव्हतं, एवढ्यानं भागत नाही,” रणधीर म्हणाला. किल्लीला त्यानं हात लावला नव्हता. “आता माहीत झालं. आता काय?”

“ती नोकरी सोडणार नाही.”

“आणि राहणार कुठं? चिपळूणला? रोज हा घाट चढून पाटणला? फुकट कुठलीच ताकद मिळत नाही, दाजी. एकीकडं वाढवली की दुसरीकडं कायतरी द्यावं लागतं. तुम्ही काय देणार?”

संधीखर्च, म्हणजे एक घेताना दुसरं काय सोडावं लागतं, या विषयावर मी दरवर्षी आठ तास बोलत असे. मुलं लिहून घेत. मला कुणी कधी हा प्रश्न विचारला नव्हता.

“कोयनानगरला घर घेतो,” मी म्हटलं. “तिला पाटण जवळ. घाट मी उतरीन. रोज. कॉलेज करीन आणि संध्याकाळी चढून येईन.”

“रोज?”

“रोज.”

“पावसाळ्यात?”

“पावसाळ्यात कॉलेज असतंच.”

“तुमच्या आई हो म्हणतील?”

“नाही म्हणतील.”

“मग?”

“मग नाही म्हणतील.” मी नारळ पायांत ठेवला. “आईशी मी बोलेन. अक्षता पडायच्या आधी.”

रणधीरनं किल्ली फिरवली.

“कडी धरा,” तो म्हणाला. “आता खरंच तापणार.”

पुढचा घाट मी नीट बघितला नाही. मला आठवतो तो आवाज. आधी शिट्टीसारखा, मग शिट्टीला धार आल्यासारखा. वळणापाशी माझं अंग दाराला चिकटायचं, वळण सुटलं की पाठ सीटमध्ये रुतायची. तो सलाम करणारा टेम्पो मागं गेला. आत्याची एसटी मागं गेली. खिडकीत एक पैठणी उभी राहिल्याचं दिसलं. आरशात नुसता काळा धूर होता, सह्याद्री दिसत नव्हता. आणि काटा चढत होता. मी आता त्याच्यावरून डोळे काढत नव्हतो. अर्धा. पाऊण. लाल पट्टीला टेकला.

“हीटर लाव,” मी म्हटलं.

“लावलाय.”

मला कळलंही नव्हतं.

“मग जरा कमी कर.”

“कमी केलं तर पोचत नाही.”

“आणि फुटलं तर?”

“तरी पोचत नाही.”

“मग काय करायचं?”

“फुटायच्या जरा अलीकडं धरायचं,” रणधीर दातांवर दात ठेवून म्हणाला. “ते अलीकडं कुठं हाय, एवढंच माहीत नाही.”

डॅशबोर्डवर कुठंतरी पिपाणी वाजू लागली. ती सोय त्यानं काढली नव्हती. एका वळणावर त्याचा पाय किंचित वर आलेला मी बघितला. रविवार, शेड, सहा गाड्या, सगळं त्या पायाखाली होतं. पायानं विचार केला आणि परत खाली गेला.

घाटमाथ्याची पाटी दिसली. माझ्या तोंडून “आलो!” निघालं, आणि नेमका तेव्हाच बॉनेटखाली कुणीतरी घण मारल्यासारखा आवाज झाला. पांढरी वाफ काचेवर पसरली. पिपाणी थांबली, शिट्टी थांबली, सगळंच थांबलं. जीप मात्र थांबली नाही. तिला उतार लागला होता.

“न्यूट्रल केलंय!” रणधीर ओरडला. “इंजिन मेलं, म्हणजे ब्रेक दगड झाले. स्टिअरिंग पण. दाजी, हँडब्रेक! मी म्हणीन तेव्हा ओढा. एकदम नको, चाक अडकंल!”

गाडीची पळायची ताकद त्यानं वर्षभर वाढवली होती. थांबायची कंपनीनं दिली तेवढीच होती, आणि तीही आता इंजिनाबरोबर गेली होती. तो अर्धवट उभा राहून पेडलवर सगळं वजन टाकत होता, खांद्यानं स्टिअरिंग वळवत होता. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक धरला होता. “ओढा!” मी ओढायचो. “सोडा!” सोडायचो. काचेवरची वाफ मी माझ्या फेट्यानं पुसली. समोर म्हशी होत्या.

“ओढा! ओढा! ओढा!”

म्हशी सावकाश बाजूला झाल्या. पाटणच्या डॉक्टरीणबाईंच्या पेशंट असाव्यात. माझ्या फेट्याकडं त्यांनी ओळखीच्या नजरेनं बघितलं.

हेळवाकच्या स्टँडवर जीप एका हॉटेलच्या बाकड्याला टेकून उभी राहिली. मग रणधीर उतरला, त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि अलगद मिटलं. एखाद्याचे डोळे मिटावेत तसं.

“दुरुस्त होईल?” मी विचारलं.

“नाही.” त्यानं मोबाइल काढला. आबांना लावला. वाजत राहिला. मंजिरीचा बंद. त्याच्या मामांचा वाजत राहिला. मांडवात बेंजो चालू असताना फोन कोण ऐकणार?

बारा पंचवीस झाले होते. त्या रणरणत्या स्टँडवर दुसरी गाडी नव्हती. मग आत्याची एसटी आली. ड्रायव्हर खाली उतरला, चहा मागवला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “आला का परत?”

“भाऊ,” रणधीर हात जोडून म्हणाला, “चहा नका घेऊ. थेट पाटणला घ्या. माझ्या बहिणीचं लग्न हाय. शेडगे आबा माहीत असतील तुम्हाला, कंट्रोलर होते.”

ड्रायव्हरनं कप खाली ठेवला.

“शेडगे साहेबांची पोरगी?” तो म्हणाला. “साहेबांना कोण विसरंल? एकदा एक थांबा न घेता आलो होतो, साहेबांनी मेमो दिला. म्हणाले, थांबा म्हणजे थांबा, मग तिथं कुत्रं उभं नसलं तरी.” त्यानं चहा बशीत ओतला. “बसा. सगळे थांबे घेऊन जाऊ.”

आणि त्यानं घेतले. कोयनानगर घेतलं. त्यापुढं कुणीही चढत-उतरत नसलेले, झाडाखालचे, ओढ्याकाठचे सगळे थांबे घेतले. प्रत्येक थांब्यावर कंडक्टर दार उघडायचा, बाहेर बघायचा, दार लावायचा. रणधीर दारातच उभा होता. मी आत्याशेजारी बसलो.

“आत्या, मंजिरीला राजीनाम्याचा फोन तू केलास?”

आत्यानं खिडकीबाहेर बघितलं. “तुझी आई म्हणाली म्हणून केला. तुमच्या चांगल्यासाठीच.”

“आणि माझंही हेच म्हणणं आहे, असं सांगितलंस?”

“तुझं कधी काही म्हणणं असतं का रे?” आत्या म्हणाली, आणि तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. “नसतं, म्हणून आम्हीच सांगतो.”

मी हात पुढं केला. तिनं पर्समधून मोबाइल काढून दिला. बारा चाळीस झाले होते. एसटी कुठल्याशा वडाखाली उभी राहिली. वडाखाली कुणी नव्हतं.

पाटणला उतरलो तेव्हा मांडवातला बेंजो बंद होता. तो आवाज नसणं फार लांबून ऐकू येतं. माणसं घोळक्यानं उभी होती, हातातल्या अक्षता कुणी खिशात टाकत होतं. आबा व्यासपीठाच्या पायरीवर पाठ करून बसले होते. आणि मांडवाच्या बाहेर, रस्त्यावर, भर उन्हात मंजिरी एकटी उभी होती. शालू, बाशिंग, हिरवा चुडा, सगळं अंगावर. पण चेहरा ड्यूटीवरचा. एखादं जनावर वाचणार नाही हे मालकाला सांगायला निघालेल्या डॉक्टरचा.

मी पुढं झालो. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती भावाशी बोलली.

“सावकाश आणलंस.”

“नाही, ताई—”

“एक वाजून गेलाय, रणधीर. मला कळलं. तू आत जा, काही खाल्लं नसशील.”

“ताई, ऐक की. जीप हेळवाकला हाय. इंजिन गेलं.”

ती वळत होती, ती थांबली.

“गेलं म्हणजे?”

“मेलं. आतनं फुटलं.”

“कसं?”

“घाटात. मीच मारलं. लाल काट्यावर पण पाय काढला नाही.” त्याचा आवाज फुटला. वर्षभराचं सगळं त्या आवाजात होतं. “वेळेत आणायला बघत होतो.”

मंजिरी भावाच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याच्या काळ्या हातांकडं, घामानं भिजलेल्या शर्टाकडं. ह्या पोराला ते इंजिन जन्माला घालताना तिनं बघितलं होतं. तो ते कुणासाठीही मारणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिनं पदरानं त्याचं कपाळ पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं. मग ती माझ्याकडं वळली.

“तुम्हाला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

“नव्हतं. राजीनामा देऊ नका. कोयनानगरला घर बघू. घाट मी उतरीन.”

“कुणी सुचवलं हे?”

“मीच.”

तिनं माझा वाफेनं आणि काजळीनं भरलेला फेटा बघितला, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“गुरुजी म्हणतात, संध्याकाळी गोरज मुहूर्त आहे. आबा ऐकत नाहीत. त्यांचं मी बघते,” ती म्हणाली. “तुमच्या आईंशी कोण बोलणार?”

“मी. आत्ता जातोय.”

“त्या काय म्हणतील?”

“नाही म्हणतील.”

“मग आधी तिकडं जाऊ,” मंजिरी म्हणाली. “आबा कुठं पळत नाहीत.”

अंतरपाट दूर होईपर्यंत नवरा-नवरीनं एकमेकांचं तोंड बघायचं नसतं. सगळ्या मांडवादेखत आम्ही शेजारी शेजारी चालत वरपक्षाच्या खोलीकडं निघालो. वाटेत लोक बाजूला होत होते. खोलीचं दार लोटलेलं होतं, आतून आईचा आवाज येत होता. मंजिरीनं कडीला हात घातला आणि माझ्याकडं बघितलं.

“तुम्हीच उघडा,” ती म्हणाली.

मी उघडलं.